एकाहत्तर, बहात्तर

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या शोरूमला
साठ फूट काच आहे, आणि काचेमागे मी,
सोळा वर्षं डिझेल विकलेला माणूस.
गिऱ्हाईक आलं की आधी बॉनेट उघडायचं
ही हाताला लागलेली सवय.
या गाडीचं उघडलं
तर आत एक रिकामा टप,
पिशवी ठेवायला.
मी म्हणालो, बघा, केवढी जागा!

खैरनार बाईंनी जागा बघितली नाही.
सातपूरच्या आयटीआयत सत्तावीस वर्षं
वायरमनचा वर्ग घेतलेल्या बाई,
पर्समध्ये अजून टेस्टर.
बॅटरी केवढी, म्हणाल्या.
चाळीस किलोवॅट, मी.
त्या जरा थांबल्या,
वर्गातलं पोर चुकल्यावर थांबत असतील तशा.
"किलोवॅट, की किलोवॅट-अवर?"
"तेच ते, मॅडम."

"गंगापूर धरणात पाणी किती, हे एक.
दरवाजा किती उघडलाय, हे दुसरं.
तेच ते आहे का,
रामकुंडावर दुकान मांडणाऱ्याला विचारून या."

मग एकेक.
मुलगी शहापूरला दिलीय,
कसारा चढून यायला किती टक्के जातात?
उतरताना किती परत येतात?
निफाडला दवाचा बर्फ होतो त्या पहाटे
ही किती चालते?
मी ब्रोशर उलटलं.
ब्रोशरमध्ये समुद्र होता, एक हसरं जोडपं होतं,
घाट नव्हता.
पुण्यातलं दोन दिवसांचं ट्रेनिंग आठवून पाहिलं.
गुलाबजाम आठवले. गळ्यातली निळी दोरी आठवली.

"खरं सांगू मॅडम? तुम्ही डिझेलच घ्या."

या महिन्यात हे वाक्य मी
अकराव्यांदा बोललो.

डेमो गाडी नऊ टक्क्यांवर उभी.
चार्जरला टेकवून साहेबांची बुलेट,
बुलेटची चावी साहेबांच्या खिशात,
साहेब ओझरला, लग्नात.

वॉशिंगचा गांगुर्डे पाईप धरून उभा होता.
पाणी बंद न करताच बोलला,
"चढाला सात जातात, मॅडम.
उताराला एखादा मिळतो.
पण इगतपुरीत फुल्ल भरून निघालात तर तोही नाही,
भांडं आधीच भरलेलं, ओतणार कुठं?
आणि शहापूरला ढाब्यामागं चार्जर आहे,
दोन बंदुका, त्यातली डावी चालत नाही."
दर बुधवारी पार्ट आणायला
हीच गाडी तो भिवंडीला नेतो.
चार महिने.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही. मी त्याला फक्त
टायर काळे कर म्हणायचो.

बाई त्याच्याशीच बोलत राहिल्या, पाऊण तास.
माझ्याकडे वळून, जाताना,
"माहीत नाही म्हणायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

त्या रात्री शटर पडल्यावर
गांगुर्डेला म्हटलं, चल, दाखव.
अठ्ठ्याऐंशीवर निघालो.
घोटीपर्यंत मी कान लावून बसलेलो,
इंजिनाच्या आवाजावरून
गाडीची तब्येत सांगणारा मी,
आणि कानाला फक्त टायर,
आणि गांगुर्डेचं च्युइंगम.
घाटाच्या तोंडाशी एकाहत्तर.
त्यानं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.
ट्रक ब्रेक जाळत उतरत होते, तोच तो वास,
आमच्या पुढ्यातला आकडा मात्र
हलेना, हलेना,
आणि मग शेवटच्या वळणाआधी
बहात्तर.

मी ओरडलोच.
गांगुर्डे म्हणाला, साहेब, हळू,
अजून चढायचंय.

वर येईपर्यंत पासष्ट. बरोबर सात.
टपरीवर चहा सांगितला,
खैरनार बाईंचा नंबर लावला,
साडेअकरा वाजलेत हे दिसलं,
वाजायच्या आत कापला.
ब्रोशर काढलं, समुद्रावर लिहायला लागलो:
चढ ७, उतार १.
चकचकीत कागद, पेन उठेना.
तळहातावर लिहिलं.
गांगुर्डेला विचारलं,
निफाडच्या थंडीत किती रे?

"माहीत नाही," तो म्हणाला.
"जानेवारीत जाऊन बघू."